गोठवलेला प्लाझ्मा थॉ करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लाझ्मा म्हणजे रक्तातला पिवळा द्रव भाग, तो गोठवून ठेवतात आणि द्यायच्या आधी थॉ करतात, म्हणजे वितळवतात. ब्लड बँकेत नवीन लागलेले टेक्निशियन, वॉर्डातल्या सिस्टर, रात्रपाळीचे रेसिडेंट डॉक्टर हे सगळे तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून एका ठिकाणी लिहून ठेवलंय. पेशंटच्या नातेवाइकांनी वाचलं तरी चालेल, "बॅग आहे म्हणता मग देत का नाही" हे सगळ्यात जास्त वेळा त्यांच्याकडूनच ऐकायला मिळतं. आकडे देशागणिक थोडे इकडेतिकडे होतात, त्यामुळे तुमच्या संस्थेच्या एसओपीत, म्हणजे ठरवून दिलेल्या लेखी कार्यपद्धतीत जे असेल ते पाळा, इथे त्यामागचं कारण समजून घ्या.

बॅग फ्रीझरमध्ये तयार आहे, मग अर्धा तास का लागतो?

कारण बर्फ वितळवायला प्रचंड उष्णता लागते. साधी २५० ग्रॅमची बॅग धरा, उणे ३० अंश सेल्सिअसवरून ३७ पर्यंत आणायची आहे, प्लाझ्मा म्हणजे बहुतेक पाणीच म्हणून पाण्याचे आकडे लावले तरी अंदाज येतो. उणे ३० वरून शून्यावर यायला जेमतेम १६ किलोज्यूल लागतात, शून्यावरून ३७ वर जायला ३९ च्या आसपास, आणि मधे शून्यावर अडकून नुसतं बर्फाचं पाणी व्हायलाच ८३. म्हणजे एकूण १३८ मधली निम्म्याहून जास्त उष्णता तापमान एक अंशही न वाढवता खर्च होते. ती सगळी बाहेरून, प्लास्टिकमधून, हळूहळू आत जाते, आणि बाहेरचं पाणी ३७ च्या वर नेता येत नाही म्हणून वेग वाढवायला जागाच फार कमी उरते. वॉटर बाथमध्ये नेहमीच्या बॅगेला २० ते ३० मिनिटं लागतात, एफेरेसिसच्या, म्हणजे मशीनने दात्याकडून थेट प्लाझ्मा काढलेल्या मोठ्या बॅगेला अजून जास्त. त्यात बॅग शोधणं, ग्रुप तपासणं, लेबल लावणं, नोंद, पोचवणं हे सगळं वेगळं.

नेमकं कुठल्या तापमानाला थॉ करायचं?

अमेरिकेतल्या मानकांमध्ये ३० ते ३७ अंश आहे, बाकी बऱ्याच ठिकाणी ३७ च्या जवळ ठेवा असं म्हणतात. वरची मर्यादा सगळीकडे सारखीच, ३७ च्या पुढे जायचं नाही. खालची मर्यादा तेवढी लोकांच्या लक्षात राहत नाही पण तीही तितकीच महत्त्वाची आहे, ते पुढे फ्रिजच्या प्रश्नात येईल.

घाई असेल तर ४५ अंशाच्या पाण्यात टाकलं तर काय बिघडतं? ५ मिनिटं तर वाचतील.

वाचतील, पण ज्यासाठी प्लाझ्मा देतोय तेच कमी व्हायचा धोका आहे. गुठळी करून रक्तस्राव थांबवणारे फॅक्टर ही प्रथिनं आहेत, जास्त उष्णतेत त्यांचा आकार बिघडतो, मग ती पेशंटच्या अंगात जाऊन काही कामाची नाहीत. त्यातलंच एक फायब्रिनोजेन तर ५६ अंशाच्या आसपास सरळ साका होऊन खाली बसतं. ४५ ला तेवढं दिसणार नाही आणि हाच खरा धोका आहे, बॅग दिसायला अगदी व्यवस्थित असते, पिवळी, स्वच्छ, आत काय उरलंय ते बाहेरून कळतच नाही. रक्तस्राव थांबत नाही म्हणून डॉक्टर अजून २ बॅगा मागवतात आणि कुणालाच कळत नाही की पहिल्या ४ बॅगा अर्धवट वाया गेलेल्या असू शकतात. त्यामुळे वॉर्डातल्या बेसिनमध्ये गरम पाण्याचा नळ सोडून बॅग धरणं हा प्रकार कुठेही, कधीही, कुणाच्याही सांगण्यावरून करायचा नाही.

रात्री फ्रिजमध्ये ठेवून दिली आणि सकाळी वितळलेली मिळाली तर? हळू म्हणजे सुरक्षित ना?

नाही, इथे उलटं आहे. १ ते ६ अंशाला हळूहळू वितळवलं की थंडीत न विरघळणारी प्रथिनं वेगळी होऊन पांढरट साका तयार होतो. त्या साक्यात फायब्रिनोजेन, फॅक्टर ८, व्हॉन विलेब्रँड फॅक्टर, फॅक्टर १३ आणि फायब्रोनेक्टिन एकवटलेलं असतं. क्रायोप्रेसिपिटेट मुद्दाम बनवतात ते याच पद्धतीने, १९६० च्या दशकात ज्युडिथ पूल यांनी स्टॅनफर्डला हे दाखवून दिलं आणि हिमोफिलियाच्या, म्हणजे फॅक्टर कमी असल्याने रक्तस्राव न थांबण्याच्या जन्मजात आजाराच्या, उपचारांचं चित्रच बदललं. पण तुम्हाला क्रायो नको असताना, पूर्ण प्लाझ्मा हवा असताना हे झालं तर सगळ्यात कामाचा भाग बॅगेच्या तळाला चिकटून राहणार किंवा फिल्टरमध्ये अडकणार. ३० च्या वर थॉ करायचं कारण हेच, ती प्रथिनं परत विरघळली पाहिजेत.

मग टेबलावर ठेवून आपोआप वितळू दिली तर?

नको. वेळ खूप लागतो, बाहेरचा थर तासन्‌तास खोलीच्या तापमानाला पडून राहतो आणि मधला गाभा अजून दगड असतो. शिवाय खोलीचं तापमान काय, याची नोंद कोण ठेवणार.

वॉटर बाथची पद्धत नीट सांगा ना, नवीन आहे मी.

आधी बाथ बघा, बॅग नंतर. पाण्याचं तापमान थर्मामीटरवर स्वतः वाचा, मशीनच्या डिस्प्लेवर एकट्यावर विसंबू नका, आणि वाचलेला आकडा लिहा. मग फ्रीझरमधून बॅग काढताना हळू, कारण या तापमानाला पीव्हीसी प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, टेबलावर आपटली किंवा दोन बॅगा एकमेकींवर आदळल्या तरी चीर पडते आणि ती चीर गोठलेल्या अवस्थेत दिसतही नाही. कोपरे, ट्यूबिंगची टोकं आणि पोर्टची जागा, म्हणजे सेट जोडायचं तोंड, इथे जास्त मोडतं. बॅगेचा नंबर, ग्रुप, एक्स्पायरी तपासा, मागणीच्या फॉर्मशी जुळवा, हे थॉ करायच्या आधी, कारण चुकीची बॅग वितळवल्यावर कळलं तर ती परत जाणार नाही.

मग बॅग ओव्हररॅपमध्ये घाला, म्हणजे बाहेरची पातळ संरक्षक पिशवी, शक्यतो आतली हवा काढून, कारण हवेचा थर राहिला की उष्णता आत जायला वेळ लागतो. पोर्ट वरच्या बाजूला आणि पाण्याच्या पातळीच्या वर. बाथमध्ये हलवणारी बास्केट असेल तर उत्तम, नसेल तर मधूनमधून बॅग हलक्या हाताने हलवा, दाबू नका, पिळू नका, आत बर्फाचे टोकदार तुकडे असतात. हलवल्याने दोन गोष्टी होतात, आतला थंड द्रव बाहेरच्या भिंतीकडे येतो त्यामुळे वेळ वाचतो, आणि कडेचा प्लाझ्मा फुकट ३७ ला बसून राहत नाही. टायमर लावा, पण टायमर वाजला म्हणून काढू नका आणि वाजायच्या आधी वितळली असेल तर वाजायची वाट बघत आत ठेवूही नका. काढली की ओव्हररॅप बाहेरून पुसा, मग उघडा, आतली बॅग कोरडी आहे का बघा. थॉ पूर्ण झाल्याची वेळ आणि नवीन एक्स्पायरी तिथल्या तिथे लेबलवर, "नंतर लिहितो" म्हटलेलं कधीच लिहिलं जात नाही.

ओव्हररॅपचा एवढा आग्रह का? पाणी तर स्वच्छच असतं.

३७ अंशाचं साठलेलं पाणी जंतूंना अगदी आवडतं, दिसायला कितीही स्वच्छ असलं तरी. स्यूडोमोनास जातीचे जंतू अशा पाण्यात मजेत वाढतात आणि थॉ करायच्या बाथच्या दूषित पाण्यातून पेशंटच्या रक्तात संसर्ग गेल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. पाणी बॅगेच्या भिंतीतून आत जात नाही, पण पोर्टच्या खाचेत एक थेंब बसला की झालं, पुढे सिस्टर तिथूनच स्पाइक, म्हणजे सेटचं टोकदार टोक, घालणार आणि तो थेंब थेट आत जाणार. किंवा बॅगेला केसासारखी बारीक चीर असेल तर तिथून.

ओव्हररॅपचा दुसरा उपयोग कुणी सांगत नाही, तो म्हणजे गळती लगेच दिसते. पिशवीत पिवळा द्रव साठलेला दिसला की बॅग फुटलेली आहे, विषय संपला, टाकून द्या. ओव्हररॅपच फाटून आत बाथचं पाणी शिरलेलं असेल आणि पोर्ट भिजले असतील तर तुमच्या एसओपीप्रमाणे, माझं स्वतःचं मत विचाराल तर ती बॅगही देऊ नये, पुसून चालवून घेण्यासारखी ही गोष्ट नाही.

बाथची निगा कशी राखायची?

रोज पाणी बदला, टाकी जंतुनाशकाने पुसा, कोरडी करा, डिस्टिल्ड पाणी भरा म्हणजे क्षारांचे थर बसत नाहीत. बॅग फुटून प्लाझ्मा पाण्यात सांडला तर त्या दिवशीची साफसफाई झालेली असली तरी परत सगळं रिकामं करून धुवायचं. थर्मामीटर कॅलिब्रेट केलेला हवा, जास्त तापमानाचा अलार्म खरोखर वाजतो का हे ठरावीक दिवसांनी वाजवून बघायचं. आणि टाकीच्या चार कोपऱ्यांत तापमान मोजून बघा एकदा, हीटरजवळ आणि लांबच्या कोपऱ्यात फरक निघाला तर पाणी फिरवणारा पंप नीट चालत नाही असं समजा.

एका वेळी किती बॅगा टाकायच्या? जागा तर ८ ची आहे.

जागा आणि क्षमता या वेगळ्या गोष्टी आहेत. वरचाच हिशोब पुढे न्या. २० लिटरचा बाथ ३७ ला आहे, त्यात उणे ३० च्या ४ बॅगा एकदम सोडल्या, हीटर बंद आहे असं धरलं तर सगळं मिळून पाणी ३१ च्या आसपास येऊन थांबेल. हीटर चालू असतो म्हणून इतकं खाली जात नाही, पण १००० वॅटचा हीटर असेल तर त्या ४ बॅगांनी ओढलेली उष्णता भरून काढायलाच त्याला ९ मिनिटं पूर्ण ताकदीने चालावं लागेल. ८ टाकल्या तर दुप्पट. तेवढ्या वेळात सगळ्याच बॅगा रेंगाळतात आणि एकही वेळेवर मिळत नाही. म्हणून खूप रक्तस्राव चालू असेल तेव्हा ८ एकदम टाकण्यापेक्षा आधी ३-४ टाका, त्या निघाल्या की पुढच्या, ओटीला पहिला हप्ता तरी लवकर जातो. मशीनच्या कंपनीने दिलेला आकडा पाळा आणि तुमच्या बाथवर खरंच किती वेळ लागतो ते एकदा मोजून भिंतीवर लावून ठेवा.

ड्राय थॉइंग म्हणजे काय? ते जास्त चांगलं का?

पाण्याशी बॅगेचा संबंधच येत नाही, गरम प्लेटांमध्ये, गरम हवेच्या प्रवाहात किंवा आत कोमट पाणी फिरत असलेल्या बंद गाद्यांमध्ये बॅग ठेवतात आणि मशीन तिला हलवत राहतं. पोर्ट भिजायचा धोका जातो, रोज टाकी धुवायची कटकट जाते, बऱ्याच मशीनमध्ये प्रत्येक बॅगेचं तापमान आपोआप नोंदलं जातं. वेळ मशीनप्रमाणे बदलतो, काही वॉटर बाथइतकाच घेतात, काही बरेच लवकर करतात. तोटा म्हणजे महाग, आणि एका वेळी मावतील तेवढ्याच बॅगा. बॅग प्लेटला नीट टेकली नाही, सुरकुती राहिली तर तो भाग मागे राहतो, त्यामुळे इथेही शेवटी हाताने चाचपून बघावं लागतंच. नवीन मशीन घ्यायची असेल आणि परवडत असेल तर मी ड्रायच्या बाजूने आहे, पण नीट सांभाळलेला वॉटर बाथ कुठल्याही अर्थाने मागासलेला नाही.

मायक्रोवेव्हमध्ये करतात असं ऐकलं, खरं का?

खरं आहे, पण स्वयंपाकघरातल्या नाही. प्लाझ्मासाठी खास बनवलेले मायक्रोवेव्ह आहेत, ते काही मिनिटांत काम उरकतात. त्यात बॅग फिरवायची, हलवायची आणि तापमानावर लक्ष ठेवायची सोय असते आणि तीच त्यातली खरी गोम आहे. बर्फ मायक्रोवेव्ह लहरी फार कमी शोषतो आणि पाणी भरपूर शोषतं. म्हणजे बॅगेतला जो भाग आधी वितळला तोच पुढची बहुतेक उष्णता खेचून घेतो, तिथे प्लाझ्मा अक्षरशः शिजतो आणि शेजारी बर्फ तसाच. घरगुती मायक्रोवेव्हमध्ये हे आवरायला काहीच नसतं, डीफ्रॉस्ट बटण असलं तरी नाही. खास मशीनमध्येही बॅगेवर धातूचं काही लेबल किंवा क्लिप राहिली का ते बघावं लागतं, आणि दोन टोकांच्या ट्यूबिंग नीट दुमडून ठेवाव्या लागतात नाहीतर बारीक नळीत गरम ठिपका तयार होतो. रेडिओ लहरींवर चालणारी मशीनही आली आहेत, त्यांच्या लहरी जास्त खोल जातात म्हणून उष्णता जरा सारखी पसरते.

कुठलंही मशीन असलं तरी विचारायचा प्रश्न एकच, यातून निघालेल्या बॅगेत फॅक्टरची पातळी मोजून पडताळणी केली आहे का. नुसतं "लवकर होतं" हे पुरेसं नाही.

पूर्ण वितळलंय हे कसं ओळखायचं?

आडवी धरून हलकी झुलवा, बोटांनी मधला भाग चाचपा, बर्फाची ढेकळं किंवा रवाळपणा लागला तर परत आत. बॅग हाताला अगदी गरम लागायची गरज नाही, बर्फ संपला की काम झालं. लोक ती ३७ ला पूर्ण पोचेपर्यंत ठेवतात, तेवढं कारण नाही.

रंग वेगळा दिसतोय, देऊ का?

हिरवट छटा बऱ्याचदा दिसते, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या दात्यांमध्ये सेरुलोप्लाझ्मिन हे तांबं वाहणारं प्रथिन वाढल्याने असं होतं, चिंतेचं काही नाही. गर्द पिवळा किंवा नारिंगी असेल तर दात्याचं बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) जास्त असेल किंवा गाजरासारख्या भाज्यांतलं कॅरोटीन, ब्लड बँकेने बघून ठरवायचं. दुधाळ म्हणजे चरबी जास्त, दात्याने आधी तेलकट खाल्लेलं असतं. लालसर असेल तर लाल पेशी फुटलेल्या आहेत किंवा वेगळं करताना मिसळल्या, हिच्याबद्दल विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. गुठळ्या, तंतू, न विरघळणारे पांढरे कण, गढूळपणा किंवा बुडबुडे दिसले तर बॅग बाजूला आणि फोन. मात्र थॉ झाल्या झाल्या थोडे पांढरट पुंजके दिसले तर घाबरू नका, क्रायोचीच प्रथिनं असतात, काही मिनिटं ३७ ला हलवल्यावर विरघळतात. विरघळली नाहीत तर मात्र देऊ नका.

मधल्या काळात फ्रीझर बंद पडून बॅग वितळून परत गोठली असेल तर कसं कळणार?

अलार्म आणि तापमानाची नोंद हा पहिला पुरावा. त्याशिवाय एक जुनी सोपी युक्ती आहे, गोठवताना बॅगेभोवती रबरबँड किंवा नळी लावतात, गोठल्यावर काढून टाकतात, खाच तशीच राहते. नंतर खाच गायब झालेली दिसली तर ती बॅग मधे वितळली होती. काही ठिकाणी आडवी गोठवून उभी साठवतात आणि हवेचा बुडबुडा कुठे आहे ते बघतात, बुडबुडा वरच्या टोकाला सरकला असेल तर तोच अर्थ. फ्रीझरमधून काढतानाच दोन सेकंद हे बघून घ्या. साठवणीचे आकडे म्हणाल तर अमेरिकेत उणे १८ किंवा त्याहून थंड, १ वर्ष, युरोपात उणे २५ किंवा त्याहून थंड, ३६ महिने.

थॉ केल्यावर किती वेळात द्यायचं?

सगळ्यात चांगलं म्हणजे लगेच. लगेच नाही झालं तर ब्लड बँकेच्या फ्रिजमध्ये १ ते ६ अंशाला २४ तास. त्यानंतर अमेरिकेत तीच बॅग, बंद सिस्टीममध्ये गोळा केलेली असेल तर, "थॉड प्लाझ्मा" असं नवीन लेबल लावून थॉ केल्यापासून एकूण ५ दिवसांपर्यंत वापरतात. ब्रिटनमध्ये अचानक मोठा रक्तस्राव झालेल्या पेशंटसाठी १२० तासांपर्यंत मुभा आहे, इतरांसाठी २४ तासच. खोलीच्या तापमानाला बाहेर राहिली तर ४ तासांच्या आत पूर्ण संपली पाहिजे. वॉर्डातला साधा फ्रिज, ज्यात इन्शुलिन आणि कुणाचा तरी डबा असतो, तो यात धरलेला नाही.

पण आधी फ्रिजमध्ये ठेवायचं नाही म्हणालात आणि आता ठेवा म्हणता?

वितळताना नाही, वितळल्यानंतर चालतं. एकदा ३० ते ३७ ला सगळं नीट विरघळलं की मग थंड केल्यावर तसा साका लगेच बसत नाही, तो गोठलेल्या अवस्थेतून हळूहळू वर येताना तयार होतो.

५ दिवसांच्या प्लाझ्मात काही उरतं का तरी?

बऱ्यापैकी उरतं. सगळ्यात नाजूक फॅक्टर ८, तो पहिल्या २४ तासांत जास्त उतरतो आणि पाचव्या दिवसापर्यंत साधारण एक तृतीयांश किंवा थोडा जास्त कमी झालेला असतो. फॅक्टर ५ आणि ७ त्यापेक्षा कमी उतरतात, फायब्रिनोजेन जवळपास तसंच राहतं. ज्याला सपाटून रक्तस्राव होतोय त्याच्या शरीरात फॅक्टर ८ बहुतेक वेळा आधीच पुरेसा असतो, ताणाखाली तो वाढतो, लिव्हरच्या पेशंटमध्येही बऱ्याचदा जास्तच सापडतो. म्हणून अशा पेशंटला ३ दिवसांपूर्वी थॉ केलेली बॅग २ मिनिटांत मिळणं हे अगदी ताजी बॅग ३० मिनिटांनी मिळण्यापेक्षा चांगलं. एखाद्याला नेमका फॅक्टर ५ जन्मापासून कमी आहे, त्याला मात्र नवीन थॉ केलेलाच शोधा.

मोठ्या रक्तस्रावात ३० मिनिटं थांबणार कसं मग?

थांबायचं नाही, आधीच थॉ करून ठेवायचं. मोठी ट्रॉमा सेंटर ४-६ बॅगा कायम वितळलेल्या फ्रिजमध्ये ठेवतात, एबी ग्रुपच्या किंवा बऱ्याच ठिकाणी ए ग्रुपच्या, आणि वापरल्या गेल्या नाहीत तर मुदत संपायच्या आत दुसऱ्या पेशंटकडे वळवतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पॅम्पर चाचणीत हेलिकॉप्टरमधून आणलेल्या ५०१ जखमींपैकी काहींना वाटेतच थॉ केलेला प्लाझ्मा दिला होता, त्यांच्यात ३० दिवसांतले मृत्यू २३.२ टक्के, न दिलेल्यांत ३३ टक्के. त्याच वर्षी डेन्व्हरमधली कॉम्बॅट चाचणी आली, तिथे अँब्युलन्सचा प्रवास छोटा होता आणि फरक दिसला नाही. म्हणजे लांबच्या प्रवासात वेळेची किंमत जास्त, असा माझा तरी अर्थ.

लहान हॉस्पिटलला कायम साठा परवडत नाही, खरंय, वाया फार जातं. तिथे सगळ्यात जास्त वेळ वाचतो तो फोनमध्ये. रक्त थांबत नाही हे ओटीत कळतं आणि ब्लड बँकेत कळतं यात जो वेळ जातो तो बाथच्या वेळेपेक्षा जास्त असतो हे कुठल्याही रात्रपाळीवाल्याला विचारा. "लागू शकेल" असा फोन आधी करा, थॉ सुरू करायची की नुसत्या बॅगा काढून ठेवायच्या हे ब्लड बँक ठरवेल.

ग्रुप जुळवायचा का? क्रॉसमॅच?

ग्रुप जुळवायचा, क्रॉसमॅच, म्हणजे दात्याचं आणि पेशंटचं रक्त एकत्र करून जुळतं का बघणं, लागत नाही. इथे नियम लाल पेशींच्या उलटा आहे, प्लाझ्मात दुसऱ्या ग्रुपच्या लाल पेशींविरुद्ध अँटीबॉडी असतात, एबीच्या प्लाझ्मात त्या नसतात, म्हणून एबीचा प्लाझ्मा कुणालाही चालतो आणि ओचा फक्त ओ ग्रुपच्या पेशंटला. नवीन लोक इथे हमखास गडबडतात, ओ म्हणजे सगळ्यांना चालतं हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. आरएच (पॉझिटिव्ह-निगेटिव्ह) बघायची गरज नसते.

क्रायोही असंच थॉ करायचं का?

थॉ असंच, ३० ते ३७ ला, ओव्हररॅपमध्ये, बॅग लहान असल्याने लवकर होतं. पण नंतर मात्र फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, यात ती प्रथिनं एकवटलेली असतात म्हणून परत साका बसेल. खोलीच्या तापमानाला, २० ते २४ अंशाला ठेवायचं आणि ६ तासांत द्यायचं, उघड्या पद्धतीने अनेक बॅगा एकत्र केल्या असतील तर ४ तासांत.

पेशंटला गरज नाही म्हणाले, परत गोठवता येईल का?

नाही. दुसऱ्यांदा गोठवण्या-वितळवण्यात फॅक्टर अजून जातात. फ्रिजमध्ये ठेवा, मुदतीत दुसऱ्या कुणाला लागते का बघा. म्हणूनच थॉ सुरू करायच्या आधी "नक्की देणार आहात ना" असं टेक्निशियन विचारतो तेव्हा चिडू नका.

वॉर्डात बॅग आल्यावर काय काळजी घ्यायची?

ओळख दोघांनी मिळून तपासा, पेशंटच्या मनगटावरची पट्टी आणि बॅगेवरचं लेबल, खाटेजवळ उभं राहून. ब्लड सेट वापरा, त्यात १७० ते २६० मायक्रॉनचा फिल्टर असतो, साध्या सलाइनच्या सेटमधून नाही. स्पाइक घातल्यापासून ४ तासांच्या आत संपवा. फ्रिजमधून आलेली बॅग थंड वाटते म्हणून गरम पाण्यात, हीटरजवळ, दिव्याखाली ठेवू नका, खूप वेगात भरपूर द्यायची असेल तर लाइनवर लागणारा ब्लड वॉर्मर वापरा. बॅगेत किंवा त्याच लाइनमध्ये औषधं मिसळू नका.

पहिली १५ मिनिटं पेशंटजवळ थांबा. अंगावर गांध्या, खाज हे प्लाझ्मात बऱ्यापैकी दिसतं. श्वास लागला, ऑक्सिजन उतरला तर ताबडतोब बंद करा आणि डॉक्टरांना बोलवा, फुप्फुसाला इजा झाली की द्रव जास्त झाला हे नंतर ठरतं, आधी बंद.

किती बॅगा मागवायच्या?

प्रौढांमध्ये वजनाच्या किलोमागे १० ते १५ मिलि असा साधारण हिशोब, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६०० ते ९००, बॅग २०० ते २५० मिलिची धरली तर ३-४. एकच बॅग मागवून फारसं काही साधत नाही. आणि बीपी कमी आहे म्हणून, अशक्तपणा आहे म्हणून, प्रथिनं कमी आहेत म्हणून, किंवा रक्तस्राव नसताना आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेची चाचणी) १.५ आला म्हणून प्लाझ्मा नको. वॉरफॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम उलटवायला पीसीसी (गोठण्याच्या काही फॅक्टरचं तयार सांद्र औषध) उपलब्ध असेल तर तेच आधी, ते गोठवलेलं नसतं, मात्रा छोटी असते आणि ग्रुपचीही भानगड नाही.

थॉ करावाच लागणार नाही असा प्लाझ्मा मिळत नाही का?

मिळतो, दोन प्रकारचा. एक कधी गोठवलाच नाही असा द्रव प्लाझ्मा, अमेरिकेत काही सेंटर तो १ ते ६ अंशाला २६ दिवसांपर्यंत वापरतात, फक्त त्यात जिवंत लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) असू शकतात म्हणून प्रतिकारशक्ती कमी असलेल्या पेशंटला देताना विकिरणाचा विचार करावा लागतो. दुसरा वाळवलेल्या पावडरीचा, पाणी घालून काही मिनिटांत तयार. दुसऱ्या महायुद्धात वाळवलेला प्लाझ्मा रणांगणावर भरपूर वापरला गेला, पण तो खूप दात्यांचा एकत्र केलेला असायचा आणि त्यातून कावीळ पसरली म्हणून नंतर मागे पडला. आता दाते तपासून, कमी दात्यांचा किंवा एकाच दात्याचा बनवतात, फ्रेंच सैन्य आणि जर्मनीत तो वापरात आहे. फ्रीझर, बाथ काही लागत नाही, त्यामुळे हेलिकॉप्टर आणि दुर्गम ठिकाणी सोयीचा, पण अजून सगळीकडे मिळत नाही आणि किंमतही जास्त. तो हाताशी नसेल तर बाथचं तापमान बघा आणि ओव्हररॅपची एक पिशवी काढून ठेवा.